कोळशाच्या वाटेने पाच दिवस : पिट्सबर्ग ते कंबरलँड, सायकलवरून

माझा मोठा भाऊ रेल्वेच्या स्थापत्य विभागात चौतीस वर्षे काम करून निवृत्त झाला. गेल्या शरद ऋतूत तो माझ्याकडे अमेरिकेत आला, तेव्हा त्याला नेहमीची शहरे दाखवण्याऐवजी एक जुना लोहमार्ग दाखवावा, असे माझ्या मनात आले. पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग आणि मेरीलँडमधील कंबरलँड यांना जोडणारी ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’ ही १५० मैलांची, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटरची वाट बंद पडलेल्या लोहमार्गांवरून जाते. रूळ काढून तेथे चुनखडीचा बारीक चुरा दाबून बसवला आहे. मोटारींना बंदी आहे आणि वाटेसाठी कोणतेही शुल्क नाही. तिचा पहिला छोटा टप्पा १९८६ साली ओहायोपाइलजवळ खुला झाला आणि शेवटचा तुकडा २०१३ साली पिट्सबर्गजवळ जोडला गेला. माझ्याकडे ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी सायकल, होती. दादासाठी तशीच एक भाड्याने घेतली, दोन्ही सायकलींना ४० मिलिमीटर रुंदीचे टायर होते, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो.

पहिला दिवस : पिट्सबर्ग ते वेस्ट न्यूटन, ५८ किलोमीटर

पिट्सबर्गच्या टोकावर ॲलेगेनी आणि मनॉन्गहीला या नद्या एकत्र येतात आणि तेथून पुढे त्यांना ओहायो म्हणतात. सकाळी आठ वाजता आम्ही त्या संगमावर उभे होतो. पाण्यावरून येणारा वारा बोचरा होता आणि मागे उंच इमारतींच्या काचांवर नुकते ऊन पडू लागले होते. वाटेवरचे मैलांचे दगड कंबरलँडपासून मोजलेले असल्यामुळे आमचा प्रवास १५० पासून शून्याकडे होणार होता. दादाला हे फार आवडले, कारण प्रत्येक दगड किती वाट उरली तेच सांगत होता.

शहराचा भाग संपेपर्यंत वाट बहुतेक डांबरी आहे. मनॉन्गहीला ओलांडताना लागणाऱ्या पुलाचे नाव ‘हॉट मेटल ब्रिज’ आहे. एका काठावरच्या भट्ट्यांतून वितळलेले लोखंड दुसऱ्या काठावरच्या पोलाद कारखान्यात या पुलावरून नेले जाई. पुढे होमस्टेडला जुन्या कारखान्याची बारा धुराडी एका रांगेत उभी आहेत. कारखाना मात्र तेथे उरलेला नाही. जवळच नदीकाठी पंपघराची विटांची इमारत आहे. ६ जुलै १८९२ रोजी संपावर गेलेले कामगार आणि मालकांनी नदीतून आणलेले पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेचे सशस्त्र लोक यांच्यात येथेच लढाई झाली आणि दोन्ही बाजूंची माणसे मारली गेली. आम्ही सायकली टेकवून तेथे बराच वेळ बसलो. एक गृहस्थ कुत्र्याला फिरवत आले आणि आमच्या पिशव्या पाहून त्यांनी विचारले, “कंबरलँड?” आम्ही होकार देताच त्यांनी नदीपलीकडे वरच्या अंगाला बोट दाखवले. तेथे ब्रॅडॉकचा १८७५ साली सुरू झालेला पोलाद कारखाना अजून धूर सोडत होता.

मकीस्पोर्टला यॉकागेनी नदी मनॉन्गहीलेला मिळते आणि वाट यॉकागेनीच्या काठाला लागते. स्थानिक लोक तिला नुसते ‘यॉक’ म्हणतात. ‘उलट दिशेने वाहणारी’ असा या नावाचा अर्थ सांगितला जातो आणि ती खरोखरच दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. डांबर संपून चुनखडीचा चुरा सुरू झाला तसा टायरखालचा आवाज बदलला. कोरड्या वाळूत पाऊल पडावे तशी मऊ, सलग खरखर ऐकू येऊ लागली. दादाचे लक्ष वाटेच्या कडांकडे होते. भराव कोठे सुरू होतो, डोंगर कोठे कापला आहे, पाण्यासाठी मोरी कोठे ठेवली आहे, हे तो मला सांगत होता. “रूळ काढले तरी लाइन लपत नाही गं,” तो म्हणाला. “हे वळण बघ. सायकलसाठी कोणी एवढं मोठं वळण घालणार नाही. हे इंजिनासाठी आहे.”

वेस्ट न्यूटनमध्ये आम्ही एका घरगुती निवासात उतरलो. रात्री जेवायला पिरोगी मिळाल्या. बटाटा आणि चीज भरून उकडलेल्या, मग लोण्यात कांद्याबरोबर परतलेल्या या पदार्थाचा आकार आपल्या करंजीसारखा असतो. खाणी आणि भट्ट्यांवर काम करायला पूर्व युरोपातून आलेल्या कुटुंबांनी तो या खोऱ्यात आणला आणि आज तो इथलाच झाला आहे. घरमालकीण बाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाऊस येणार, हे त्यांनी खिडकीबाहेर एकदा पाहून सांगितले आणि निघताना बजावले, “वाटेत डार खाणीचा फलक लागेल. पाऊस असला तरी थांबा.”

दुसरा दिवस : वेस्ट न्यूटन ते ओहायोपाइल, ६८ किलोमीटर

पाऊस पहाटेच सुरू झाला होता. नदीवर धुके इतके दाट होते की पलीकडचा काठ दिसत नव्हता, मात्र त्या काठावरून जाणाऱ्या मालगाडीची घरघर सतत कानांवर येत होती. पलीकडचा लोहमार्ग अजून चालू आहे. या खोऱ्यात एकेकाळी नदीच्या दोन्ही बाजूंनी गाड्या धावत.

डार खाणीचा फलक आला तेव्हा आम्ही थांबलो. १९ डिसेंबर १९०७ रोजी या खाणीत स्फोट होऊन २३९ कामगार आणि मुले मृत्युमुखी पडली. त्यांच्यात हंगेरीतून आलेले कामगार मोठ्या संख्येने होते. त्या दिवशी जुन्या पंचांगाप्रमाणे संत निकोलसचा सण होता आणि तो पाळण्यासाठी अनेक कामगार खाणीत उतरले नव्हते. नाही तर हा आकडा आणखी मोठा असता. त्याच महिन्याच्या ६ तारखेला शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियातील मनॉन्गा येथे ३६२ माणसे अशीच गेली होती. अशा लागोपाठच्या दुर्घटनांनंतर १९१० साली अमेरिकेत खाणींसाठी स्वतंत्र केंद्रीय विभाग स्थापन झाला. दादाने हेल्मेट काढून हातात धरले होते आणि पावसाचे पाणी त्याच्या चेहऱ्यावरून ओघळत होते. त्याच्या नोकरीतल्या अपघातांबद्दल तो घरी कधी फारसे बोललेला नाही. तेथून निघाल्यावर पुढचे दोन मैल आम्ही दोघेही गप्प होतो.

या पट्ट्यात काही ठिकाणी डोंगरातून झिरपणारे पाणी शेंदरी रंगाचे आहे. बंद खाणींतून येताना ते लोह विरघळवून आणते आणि हवा लागताच दगडांवर गंजाचा थर चढतो. खाणी बंद होऊन इतकी वर्षे झाली तरी ते पाणी थांबलेले नाही. कनेल्सव्हिलच्या अलीकडे झाडीत विटांच्या घुमटाकार भट्ट्यांचे अवशेष दिसले. कोळसा भाजून कोक करण्याच्या अशा हजारो भट्ट्या एकेकाळी या परिसरात जळत होत्या आणि पिट्सबर्गच्या पोलादाला लागणारा कोक येथूनच जाई. आता त्यांच्या तोंडांत नेचे वाढले आहेत.

ओल्या चुनखडीबद्दल मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, म्हणून येथे लिहिते. भिजलेला चुरा पिठासारखा होऊन चेन, गिअर आणि ब्रेक यांवर बसतो आणि कानशीसारखे काम करतो. भाड्याच्या सायकलीचे ब्रेक पॅड मुळातच झिजलेले होते. दुपारपर्यंत ते धातूपर्यंत घासले गेले आणि ब्रेक दाबताच कर्कश आवाज येऊ लागला. कनेल्सव्हिलच्या दुकानातील तरुण कारागिराने वीस मिनिटांत दोन्ही चाकांचे पॅड बदलले, एक जादा जोडी बरोबर दिली आणि सांगितले की दिवस संपल्यावर सायकल बाटलीतील पाण्याने हळूहळू धुवावी, जोराच्या फवाऱ्याने धुतल्यास चुरा बेअरिंगमध्ये शिरतो. सायकल भाड्याने घेणाऱ्याने निघण्यापूर्वी पॅडची जाडी स्वतः तपासावी आणि चेनचे तेल ओल्या हवेचे घ्यावे.

कनेल्सव्हिल ते ओहायोपाइल हा सतरा मैलांचा भाग पूर्ण जंगलाचा आहे. मध्ये गाव नाही, दुकान नाही आणि मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. त्यामुळे पाणी आणि खाणे कनेल्सव्हिललाच भरून घ्यावे. येथे पावसाचा जोर ओसरला. एका बाजूला डोंगराचा कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरीत फेसाळणारी नदी, आणि डोक्यावर मेपल व ओक यांची पिवळी-तांबडी छत्री. वाटेवर ओल्या पानांचा जाड थर होता आणि त्याखाली अक्रोडाच्या जातीच्या झाडांची हिरवट, चेंडूएवढी फळे दडलेली होती. त्यांवरून पुढचे चाक घसरते, म्हणून मी सावकाश चालले होते. दादा तर त्याहूनही सावकाश येत होता, कारण प्रत्येक आधारभिंतीपाशी त्याला थांबायचे होते. ओहायोपाइलच्या अलीकडचा उंच पूल ओलांडताना संधिप्रकाशात खाली तराफ्यातून परतणारी चार माणसे दिसली आणि त्यांनी वर पाहून हात हलवले.

तिसरा दिवस : ओहायोपाइल ते रॉकवूड, ४५ किलोमीटर

सकाळी आकाश स्वच्छ होते. ओहायोपाइलचा धबधबा वीसेक फुटांचाच आहे, पण संपूर्ण नदी आडवी पसरून एकदम कोसळते, त्यामुळे त्याचा आवाज गावभर भरून राहतो. १७५४ साली तरुण जॉर्ज वॉशिंग्टन जलमार्ग शोधत या नदीतून खाली आला होता आणि या धबधब्यापाशी त्याला तो बेत सोडावा लागला. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी ओढ्यावर बांधलेले ‘फॉलिंगवॉटर’ हे घर येथून चार मैलांवर आहे. तेथे जाणारा रस्ता चढाचा, अरुंद आणि मोटारींचा आहे आणि प्रवेशाचे आरक्षण आधी करावे लागते. ज्यांना ते पाहायचे असेल त्यांनी ओहायोपाइलला एक जादा दिवस ठेवावा. धावतपळत उरकण्याजोगे ते ठिकाण नाही. आम्ही ते यावेळी सोडले.

दहा मैलांवर कॉन्फ्लुअन्स नावाचे गाव आहे आणि या नावाचा अर्थच संगम असा आहे. येथे यॉकागेनीला कॅसलमन नदी आणि लॉरेल हिल ओढा येऊन मिळतात. तीन बोटांच्या आकारावरून या जागेला पूर्वी ‘टर्कीफूट’, म्हणजे टर्की पक्ष्याचा पाय, म्हणत. आम्हाला आमचा शब्द त्रिवेणी सुचला. गावातील एका छोट्या उपाहारगृहात काळ्या रासबेरीचा ‘पाय’, म्हणजे फळ भरून भाजलेला गोड पदार्थ, खाल्ला. बाजूच्या टेबलावर चार वृद्ध शेतकरी कॉफी पीत बसले होते. त्यांतील एकाने दादाला विचारले की तुमच्याकडेही बंद लोहमार्गांवर अशा वाटा करतात का. दादा म्हणाला की आमच्याकडे गाड्यांना रूळ पुरत नाहीत. मग गाड्या, गर्दी आणि पावसाळ्यात रुळांवर गस्त घालणारे गँगमन यांच्याबद्दल तो जवळजवळ तासभर बोलला आणि ते चौघे मध्ये एकदाही न उठता ऐकत राहिले. गेल्या दोन वर्षांत मी त्याला इतके मोकळेपणाने बोलताना पाहिले नव्हते.

येथून वाट यॉकागेनी सोडून कॅसलमनच्या खोऱ्यात शिरते. पिंकर्टन बोगदा ८४९ फुटांचा आहे. तो धोकादायक झाल्यामुळे पूर्वी सायकलस्वारांना नदीच्या वळशाला फेरी घालून जावे लागे; आत पोलादी अस्तर बसवून २०१५ साली तो पुन्हा उघडला. दादाने आत थांबून अस्तराच्या जोडांवरून हात फिरवला आणि समाधानाने मान हलवली. रॉकवूडला दुपारीच पोहोचलो. उरलेला वेळ नदीकाठी कपडे वाळवण्यात आणि निळ्या बगळ्याला एका पायावर उभा राहिलेला पाहण्यात गेला.

चौथा दिवस : रॉकवूड ते फ्रॉस्टबर्ग, ४५ किलोमीटर

सकाळी गवतावर हिम पडले होते आणि हातमोजे असूनही बोटे बधिर झाली. ऑक्टोबरमध्ये येणाऱ्यांनी पूर्ण बोटांचे हातमोजे आणि कान झाकणारी टोपी नक्की आणावी.

मायर्सडेलच्या अलीकडे सॉल्झबरी पूल लागतो. १,९०८ फूट लांबीचा हा पोलादी पूल कॅसलमनचे संपूर्ण खोरे एका झेपेत ओलांडतो. आम्ही पोहोचलो तेव्हा खाली धुक्याचे सरोवर साचले होते आणि दूरच्या डोंगरावर पवनचक्क्यांची पाती धुक्यातून वर येत व पुन्हा बुडत होती. पुलाखालून एक मालगाडी गेली, ती दिसली नाही. धुक्याच्या पोटातून तिचा आवाज एका बाजूने आला आणि दुसऱ्या बाजूला विरला. आम्ही तेथे पाऊण तास होतो. दादा मधोमध कठड्याला टेकून उभा होता. तो म्हणाला, “१९१२ ची लाइन आहे. ज्यांनी हे रिव्हेट ठोकले, त्यांना वाटलं असेल, हे कायमचं काम आहे. १९७५ मध्ये लाइन बंद.” थोड्या वेळाने त्याने पुढे जोडले, “पण काम चांगलं केलं होतं, म्हणून आज उपयोगी पडतंय.”

मायर्सडेलच्या जुन्या स्थानकात आता संग्रहालय आहे. हा मेपलच्या साखरेचा मुलूख आहे आणि वसंतात येथे त्याचा उत्सव भरतो. संग्रहालयातील स्वयंसेविकेने दादाची नोकरी ऐकताच कपाटातून जुने कंदील काढून त्याच्या हातात दिले. कोणता रंग कशासाठी, हे त्यानेच तिला सांगितले. मायर्सडेलनंतर फ्रॉस्टबर्गपर्यंत काही मिळत नाही, म्हणून दुपारचे जेवण येथेच करावे.

यानंतर वाट चढतच जाते, पण डोळ्यांना चढ जाणवत नाही. २,३९२ फुटांवर पूर्व खंडीय जलविभाजक, म्हणजे दोन बाजूंचे पाणी वेगळे करणारी डोंगररेषा, येतो. तेथे एका पुलाखालच्या भिंतीवर संपूर्ण वाटेच्या उंचीचा आलेख रंगवलेला आहे आणि तो पाहून दादाने खिशातून वही काढली. पिट्सबर्गकडून येथपर्यंत सरासरी चारशे फुटांमागे एक फूट चढ आहे; पुढे कंबरलँडकडे सरासरी सत्तर फुटांमागे एक फूट उतार आहे. आपल्या बोरघाटात हेच प्रमाण सदतीस फुटांमागे एक फूट असे आहे. अवजड कोळसागाड्यांना याहून अधिक चढ झेपला नसता, म्हणून त्या काळच्या अभियंत्यांनी नदीचा हात धरला आणि जेथे नदीने साथ सोडली तेथे पूल बांधले व डोंगर पोखरले. त्रेसष्ट वर्षांचा माझा भाऊ चार दिवसांत एकदाही सायकलवरून उतरून चालला नाही, याचे श्रेय त्या आखणीला आहे. कोणत्या दिशेने यावे असे विचारल्यास मी पिट्सबर्गहूनच निघायला सांगेन: चढ लांब पण सौम्य आणि शेवटी चोवीस मैलांचा उतार.

महाबळेश्वरला एकाच डोंगरमाथ्यावरून कृष्णा पूर्वेच्या समुद्राकडे जाते आणि सावित्री पश्चिमेच्या. इथेही तसेच आहे. या रेषेच्या पश्चिमेला पडलेला थेंब ओहायो आणि मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताकडे जातो, पूर्वेचा पोटोमॅकमधून चेसापीक उपसागराला मिळतो. दादाने बाटलीतले उरलेले पाणी निम्मे एका बाजूला आणि निम्मे दुसऱ्या बाजूला ओतले.

बिग सॅव्हेज बोगदा ३,२९४ फुटांचा, म्हणजे एक किलोमीटरचा आहे. आत दिवे असतात, तरी सायकलचा दिवा लागतोच, कारण छतातून पाणी ठिबकते आणि जमीन ओली असते. पुढच्या बॉर्डन बोगद्यात तर आपल्या दिव्याशिवाय काहीच दिसत नाही. आतले पाणी गोठून अस्तर फुटू नये म्हणून बिग सॅव्हेजची दारे हिवाळ्यात, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, बंद ठेवतात. त्या काळात प्रवास आखू नये. आतला थंड काळोख संपून आम्ही बाहेर आलो आणि समोर मेरीलँडच्या डोंगररांगा एकामागे एक निळसर होत गेलेल्या दिसल्या. इतक्या दिवसांत आम्ही खोऱ्याच्या तळाशीच होतो; एवढे आकाश प्रथमच दिसत होते. थोडे खाली मेसन-डिक्सन रेषा ओलांडली. १७६३ ते १७६७ या काळात मोजलेली ही रेषा पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड यांची सीमा आहे आणि तेथे वाटेवर दगडी खुणा केल्या आहेत. फ्रॉस्टबर्ग गाव वाटेपासून बरेच वर आहे. नागमोडी पायवाटेचा तो अर्धा किलोमीटर पाच दिवसांतील सर्वांत तीव्र चढ होता.

पाचवा दिवस : फ्रॉस्टबर्ग ते कंबरलँड, २५ किलोमीटर

हा दिवस उताराचा. पॅडल फारसे मारावे लागले नाही. नवे ब्रेक पॅड मात्र कामाला आले. या भागात सायकलवाटेशेजारून पर्यटकांची जुनी रेल्वे धावते, आणि ब्रश बोगदा दोघांना सामाईक आहे, म्हणून आत शिरण्यापूर्वी थांबून गाडीचा कानोसा घ्यावा. नंतर डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि ‘द नॅरोज’ या खिंडीतून ओढा, रस्ता, लोहमार्ग आणि आपण, सगळे शेजारीशेजारी बाहेर पडतो.

कंबरलँडच्या स्थानकाजवळ शून्य मैलाची खूण आहे. तिच्या पुढे वॉशिंग्टनकडे जाणारा चेसापीक-ओहायो कालवा सुरू होतो आणि त्याच्या काठची वाट १८४.५ मैल चालते. हा कालवा आणि बाल्टिमोर-ओहायो रेल्वे या दोन्ही कामांचा प्रारंभ एकाच दिवशी, ४ जुलै १८२८ रोजी, झाला. रेल्वे कंबरलँडला १८४२ मध्ये पोहोचली, कालवा १८५० मध्ये. तो ओहायो नदीपर्यंत न्यायचा होता, पण डोंगरापलीकडे कधीच गेला नाही. दादा कोरड्या कालव्याच्या काठावर बसून म्हणाला, “आठ वर्षं उशीर.” कामाला उशीर होणे म्हणजे काय असते, हे ज्याने अनुभवले आहे त्याच्या आवाजात ते ऐकताना मला त्या अनोळखी खोदकामगारांबद्दल फार वाईट वाटले.

परतीसाठी ॲमट्रॅक या अमेरिकेच्या प्रवासी रेल्वेच्या संध्याकाळच्या गाडीत माणसांबरोबर सायकलींचेही आरक्षण केले होते. सायकलींच्या जागा थोड्या असतात, त्यामुळे प्रवासाच्या तारखा ठरताच ते करावे. गाडी नदीच्या दुसऱ्या काठाच्या, चालू लोहमार्गाने जाते. बाहेर अंधार होता. दादा खिडकीच्या काचेला कपाळ लावून बसला होता आणि चाकांच्या आवाजावरून वळणे ओळखत होता. सँड पॅचच्या बोगद्यात गाडी शिरली तेव्हा त्याने घड्याळ पाहिले आणि हळूच सांगितले, “आपण जलविभाजक ओलांडतोय. पाणी आता परत ओहायोकडे.” कनेल्सव्हिलला गाडी थांबली, तेव्हा तो जागाच होता. फलाटावर पाऊस पुन्हा सुरू झाला होता.